घरी सिंगापूर सांगून बँकॉकला निघालेल्या चौघांसाठी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. डोंबिवलीचे चार मित्र, सगळे तिशीच्या आसपासचे. एकाचं लग्न ठरलंय म्हणून पाच रात्रींसाठी थायलंडला निघालात, दोन रात्री बँकॉक आणि तीन पट्टाया. चौघांचाही पहिलाच परदेश प्रवास. बार, शो, पट्टायाचा वॉकिंग स्ट्रीट हा बारचा रस्ता, सगळं बघायचंय. विचारलंय ते असं, की कुठल्या जागा सुरक्षित, रोज रात्री किती पैसे जवळ ठेवायचे आणि पोलिसांनी अडवलं तर काय करायचं. आणि शेवटी जाता जाता लिहिलंय, ‘घरी सिंगापूर सांगितलंय.’

मी दादरच्या एका सहल कंपनीत एकोणीस वर्षं टूर मॅनेजर आहे. त्यातले बरेच दिवस आणि त्याहून जास्त रात्री थायलंडमध्ये गेल्या. दिवसभराचं काम ठरलेलं असतं, बस, नाश्ता, तिकिटं, डोकी मोजणं. माझं खरं काम सुरू होतं ते रात्री अकरानंतर, जेव्हा ग्रुपमधले पुरुष ‘जरा पाय मोकळे करून येतो’ म्हणून लॉबीतून बाहेर पडतात. जातात याबद्दल माझं काही म्हणणं नाही. मोठी माणसं आहेत, स्वतःच्या पैशांनी जातात. पण रात्री दोन वाजता येणारे फोन मी घेतलेत, आणि त्या फोनांवरून सांगते, की तुमच्या पत्रातली सगळ्यात धोक्याची गोष्ट ते शेवटचं वाक्य आहे.

का, ते एका प्रसंगावरून सांगते. सहा-सात वर्षं झाली असतील. रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला. आमच्याच ग्रुपमधले चार जण जेवण झाल्यावर टॅक्सी करून बँकॉकमधल्या पॅटपॉन्ग या बारच्या वस्तीत गेले होते. गल्लीच्या तोंडाशी एकाने प्लॅस्टिकचं कव्हर घातलेलं कार्ड पुढे केलं. त्यावर लिहिलेलं, बिअर १०० बाट, शो फुकट. मग अरुंद जिना, वरचा मजला, मागे लागलेलं दार. प्रत्येकी दोन-दोन बिअर झाल्या, आजूबाजूला येऊन बसलेल्या बायकांनी न विचारता स्वतःसाठी मागवलं, आणि बिल आलं १४,८०० बाटचं. दारात दोन धिप्पाड माणसं उभी. चौघांपैकी एकाला सोबत माणूस देऊन एटीएमवर पाठवलं, उरलेले तिघे आतच. त्याच्या कार्डाची दिवसाची मर्यादा संपली तेव्हा कुठे त्यांनी मला फोन केला. त्या फोनवरचं पहिलं वाक्य ‘आम्ही अडकलोय’ हे नव्हतं. पहिलं वाक्य होतं, ‘मॅडम, ग्रुपमध्ये कोणाला कळू देऊ नका.’

मी त्यांना फोन स्पीकरवर टाकायला सांगितला आणि मोठ्याने म्हटलं, की मी आत्ता टुरिस्ट पोलिसांना ११५५ वर फोन लावतेय, जागेचं नाव सांगा. पाच मिनिटांत बिल दोन हजारांवर आलं आणि दार उघडलं. पण तोवर तास गेला होता आणि एटीएममधून काढलेले दहा हजार बाट गेले होते. ते परत आले नाहीत. तीन वाजता मी लॉबीत पाण्याच्या बाटल्या घेऊन बसले होते. त्यातले पंचेचाळिशीचे एक गृहस्थ सोफ्यावर बसून रडत होते, कारण त्यांची बायको चौथ्या मजल्यावर झोपली होती आणि तिला काय सांगायचं हे त्यांना कळत नव्हतं.

त्या दारातल्या माणसांकडे हत्यार नव्हतं. त्यांना गरजही नव्हती. आपला माणूस लाजेपोटी ओरडणार नाही, पोलीस बोलावणार नाही, गुपचूप पैसे देऊन सुटू बघणार, हे त्यांना पक्कं माहीत असतं. म्हणून जागांच्याही आधी मी तुम्हाला घरचं सांगते. चौघांपैकी कोणाच्या तरी भावाला, बहिणीला, जवळच्या मित्राला, कोणा एकाला, खरं सांगून निघा. दोन्ही हॉटेलांची नावं, विमानाचे नंबर, प्रवास विम्याची प्रत त्याच्याकडे ठेवा. विमा थायलंडचा असणार, पासपोर्टवर शिक्का थायलंडचा बसणार, आणि काही झालं तर हॉस्पिटल तुम्ही दिलेल्या नंबरावर फोन करणार. तो फोन ज्याला जाईल त्याने ‘पण तो तर सिंगापूरला आहे’ असं म्हणत बसू नये. घरच्या सगळ्यांना सांगायचं की नाही हा तुमचा प्रश्न, त्यात मी पडत नाही. एकाला मात्र सांगाच.

आता जागा. अमुक बार सुरक्षित आणि तमुक नाही अशी यादी मी देणार नाही, कारण ती टिकत नाही. मालक बदलतो, माणसं बदलतात, गेल्या वर्षी बरा असलेला बार या वर्षी लुटतो. शिवाय तुम्ही किती पिता, चौघं एकत्र राहता की फुटता, कोणत्या दिवशी जाता, यावरही बरंच आहे. थायलंडमध्ये बौद्ध सणांच्या दिवशी बऱ्याच ठिकाणी दारूविक्रीवर निर्बंध येतात, आपल्याकडे २ ऑक्टोबरला येतात त्यासारखे. अशा दिवशी उघडं काय सापडतं ते शोधत अनोळखी माणसामागे फिरणं ही हमखास फसायची वाट. तारखा आधी बघून घ्या.

पण जागा कशी पारखायची ते सांगता येतं. जो माणूस आपणहून तुमच्याकडे चालत येतो, त्याच्याबरोबर कुठेही जायचं नाही. जायचं तिथे तुम्ही ठरवून, स्वतःच्या पायांनी जायचं. गेटवेला किंवा सीएसएमटीबाहेर ‘रूम चाहिए? टॅक्सी चाहिए?’ म्हणत मागे लागणाऱ्याकडे तुम्ही मान वळवूनही बघत नाही. मुंबईत वाढलेल्या माणसाला हे शिकवावं लागत नाही. तोच माणूस बँकॉकला उतरला की टुकटुकवाल्याच्या ‘आज राजवाडा बंद आहे, चला दुसरं दाखवतो’ यावर विश्वास ठेवतो आणि रत्नांच्या दुकानात नाहीतर मसाज पार्लरमध्ये पोचतो. सुट्टीवर आहोत म्हणजे समोरचाही आपल्या भल्यासाठीच उभा आहे, असं का कोण जाणे वाटायला लागतं.

दुसरी पारख म्हणजे दार. तळमजल्यावर, रस्त्याकडे तोंड असलेला, आत कोण बसलंय ते बाहेरून दिसणारा बार घ्या. दरपत्रक मागा, ते छापील असलं पाहिजे. वरचा मजला, बंद दार, तोंडी भाव, या तिन्हींपैकी एक जरी दिसलं तरी मागे फिरा. बँकॉकमध्ये पहिल्या रात्री खाओ सान रोड बरा. गर्दी, गाणी, रस्त्यावरचं खाणं, जगभरची तरुण मुलं, आणि बहुतेक सगळं उघड्यावर. प्रौढांचे बार बघायचेच असतील तर सोई काउबॉय ही लहानशी गल्ली सुखुमवित रस्त्याच्या सोई २१ आणि सोई २३ यांच्यामध्ये आहे (सोई म्हणजे गल्ली). एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दोन-तीन मिनिटांत चालून होते, म्हणून आधी न शिरता एकदा पूर्ण चालून बघा. त्याच सोई २३ वर भारतीय दूतावास आहे, हेही लक्षात ठेवा. पासपोर्ट हरवला तर तिथेच जायचंय. नाना प्लाझा ही बारची इमारत तीन मजली आहे, तिथे गोंधळायला होतं. पॅटपॉन्गचा रात्रीचा बाजार बघा, पिशव्या-घड्याळांची घासाघीस करा, पण जिने चढू नका. पट्टायाचा वॉकिंग स्ट्रीट संध्याकाळनंतर वाहनांना बंद असतो, चालायला मोकळा मिळतो. नियम तिथेही तेच.

आत बसल्यावर काय होतं ते नीट सांगते, कारण भांडणं इथे होतात. टेबलावर तुमच्यासमोर एक छोटा पेला ठेवतात, लाकडाचा किंवा प्लॅस्टिकचा. तुम्ही काही मागवलं की छापील चिठ्ठी गुंडाळून त्यात खोचतात. दुसरी मागवली, दुसरी चिठ्ठी. तो पेला म्हणजे तुमची उधारीची वही. आपली माणसं त्याला हातसुद्धा लावत नाहीत, वाईट दिसेल म्हणून. लावा. प्रत्येक चिठ्ठी आली की उघडून वाचा, आकडा बघा, परत ठेवा. कोणी रागावत नाही, रोजच्या गिऱ्हाइकांचीही तीच रीत आहे. शेजारी बसलेली बाई ‘माझ्यासाठी एक?’ असं विचारते, त्याला लेडी ड्रिंक म्हणतात. तिचा भाव तुमच्या बिअरहून जास्त असतो आणि त्यातला वाटा तिला मिळतो. द्यायचं असेल तर भाव विचारून एक द्या, नसेल तर हसून नाही म्हणा. ‘माय आव खाप’ म्हणजे ‘नको हो’. बार फाइन म्हणजे बाईने काम सोडून बाहेर यावं म्हणून बारला भरायचे पैसे. बाईला काय द्यायचं ते त्यात धरलेलं नसतं. यावरून पहाटेची भांडणं मी मिटवली आहेत. आणि छताला किंवा काउंटरवर पितळी घंटा टांगलेली असते. ती कितीही मोह झाला तरी वाजवायची नाही. घंटा वाजवली म्हणजे त्या क्षणी बारमध्ये असलेल्या प्रत्येकाला तुमच्याकडून एक पेय. नवरदेवाच्या हातून ती वाजवून घेण्यासाठी त्याला खांद्यावर उचलतील, हे मी आत्ताच सांगते. निघताना ‘चेक बिन’ म्हटलं की बिल येतं. पेल्यातल्या चिठ्ठ्यांशी जुळवून मगच पैसे.

पैशांचं माझं उत्तर म्हणजे पाकीट. निघण्याआधी आम्ही दादरच्या ऑफिसात ग्रुपची बैठक घेतो. चहा झाला की मी पुरुषांना खाकी पाकिटं वाटते. सांगते, की दर रात्रीचं एक पाकीट. त्यावर तारीख घाला, आज शुद्धीत असताना आकडा ठरवा आणि तेवढ्याच नोटा त्यात ठेवा. रात्री बाहेर पडताना फक्त ते पाकीट, हॉटेलचं कार्ड, पासपोर्टची झेरॉक्स आणि मोबाइल. बाकी सगळं खोलीच्या तिजोरीत. पाकीट संपलं की रात्र संपली. बिअर अशा बारमध्ये साधारण शंभर ते दोनशे बाटला पडते, लेडी ड्रिंक त्याहून महाग. हिशेबाला सोपं म्हणून एका बाटचे तीन रुपये धरा. मी तुमच्या वयाच्या मुलांना जेवण आणि गाडीभाडं सोडून रात्रीचे दोन ते अडीच हजार बाट सांगते. नुसतं बसायचं, बघायचं, दोन-तीन बिअर घ्यायच्या, तर एवढ्यात व्यवस्थित होतं. तुमच्या मनात याहून काही असेल तर आकडा बदलेल, पण तो मुंबईतच ठरवा.

कार्डाचंही तसंच. बँकेच्या ॲपमध्ये परदेशी व्यवहाराची मर्यादा तुम्हाला स्वतःला कमी-जास्त करता येते. एकच कार्ड चालू ठेवा, रोजची मर्यादा लहान ठेवा, बाकीची बंद. तिथली एटीएम परदेशी कार्डावर दरवेळी दोनशेहून जास्त बाट कापतात, म्हणून सारखे थोडे थोडे काढू नका. आणि मशीन ‘रुपयांत आकारू की बाटमध्ये?’ असं विचारतं तेव्हा बाट निवडा, रुपयांचा भाव नेहमी वाईट असतो. गळ्यातली चेन, अंगठ्या, ब्रेसलेट डोंबिवलीलाच राहू दे. पट्टायाच्या बीच रोडवर रात्री कोणी येऊन लाडाने गळ्यात पडतं आणि दूर होईस्तोवर चेन गेलेली असते. बाई असो, पुरुष असो, तृतीयपंथी असो, अंगाला हात लावू द्यायचा नाही. एक मात्र सांगून ठेवते. ज्या तृतीयपंथी बायका शोमध्ये किंवा दुकानात काम करतात, त्यांची टिंगल करू नका. आपल्या मुलांच्या तोंडून मी ऐकलंय, आणि मला तिथल्या गाइडपुढे मान खाली घालावी लागलीय.

नोटांवरून आणखी एक, आणि हे मुंबईच्या माणसाला मुद्दाम सांगावं लागतं. आपल्याकडच्या डान्सबारांवर २००५ मध्ये बंदी आली, वर्षानुवर्षं कोर्टात चाललं, आणि जानेवारी २०१९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने बक्षिशी चालेल पण नोटा उधळणं चालणार नाही असं ठरवलं. पण नोटा उधळायची ती हौस काहींच्या डोक्यात अजून असते. थायलंडच्या नोटेवर राजाचं चित्र आहे. ती नोट जमिनीवर फेकणं, वाऱ्याने निघाली म्हणून पायाने दाबून धरणं, हा तिथे राजाचा अपमान. राजाच्या बदनामीला त्यांच्या दंडसंहितेच्या ११२ व्या कलमाखाली तीन ते पंधरा वर्षांची शिक्षा आहे. प्रत्येक नोटेवरून कोणी तुरुंगात जातं असं नाही, पण रस्त्यावरची साधी माणसं अंगावर येतात हे मी पाहिलंय. बक्षीस हातात द्या, आणि राजाबद्दल पिऊन काहीही बोलू नका.

पिण्याबद्दल. थायलंडमध्ये बारमध्ये शिरायचं आणि दारू प्यायचं वय वीस आहे, तुम्हाला अडचण नाही. पण बाटली तुमच्यासमोर उघडलेली हवी आणि ग्लास नजरेआड होता कामा नये. बाथरूमला गेलात आणि कोणी मित्र टेबलावर नव्हता, तर तो ग्लास सोडून द्या, शंभर बाट गेले तर गेले. बादलीत घालून देतात ती स्वस्त दारू नकोच. मालाडच्या मालवणीत जून २०१५ मध्ये शंभरावर माणसं गेली ती दारूतल्या मिथेनॉल या विषारी अल्कोहोलने. नोव्हेंबर २०२४ मध्ये लाओसच्या वांग विएंगला सहा परदेशी पर्यटक गेले, तेही मिथेनॉलनेच. हे विष लगेच कळत नाही. दुसऱ्या दिवशी डोकं दुखतं, उलट्या होतात, आणि डोळ्यांपुढे धुकं आल्यासारखं धूसर दिसायला लागतं. नजर धूसर झाली की हँगओव्हर समजून झोपायचं नाही, तडक हॉस्पिटल. रुग्णवाहिकेचा नंबर १६६९.

तसंच फुटपाथवर ट्रेमध्ये मांडून विकतात त्या ‘ताकदीच्या’ गोळ्या. त्यांत काय आहे ते विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. ठाण्याचे एक काका, छातीत दुखण्यासाठी नायट्रेटची गोळी चालू असलेले, अशी गोळी घेऊन बसले. त्यांचा रक्तदाब इतका खाली गेला की खोलीत जमिनीवर पडून होते, आणि लाज वाटते म्हणून तीन तास कोणाला बोलले नाहीत. वाचले, कारण शेजारच्या पलंगावरच्या मित्राला जाग आली. हे तुमच्या वयाला लागू नसेल, पण हे उत्तर वाचणारे सगळेच तिशीतले नसणार.

आता तुम्ही सरळ न विचारलेलं. थायलंडमध्ये देहविक्रय सगळीकडे उघड दिसतो म्हणून तो कायदेशीर आहे असं समजू नका. १९९६ च्या त्यांच्या कायद्याने तो गुन्हाच आहे, फक्त डोळेझाक चालते. आणि एका बाबतीत डोळेझाक नाही. अठरा वर्षांखालच्या मुलीशी किंवा मुलाशी संबंध आला तर गिऱ्हाईक तुरुंगात जातं, समोरच्याची संमती असली तरी. वयाची जराशी शंका आली तरी तिथून उठा आणि ११५५ वर कळवा. बाकी दोन मोठ्या माणसांचा प्रश्न असेल तर कंडोमशिवाय काही नाही, कितीही प्यायला असलात तरी. तो फाटला, किंवा चूक झाली, तर एचआयव्ही टाळणारी औषधं ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात, जितक्या लवकर तितकं बरं, आणि ती २८ दिवस घ्यायची असतात. बँकॉकमध्ये थाई रेड क्रॉसचं निनावी तपासणी केंद्र रत्चदाम्री रस्त्यावर १९९१ पासून चालू आहे. तिथे परदेशी माणसाकडे कोणी वाकड्या नजरेने बघत नाही. पट्टायात असाल तर मोठं खासगी हॉस्पिटल गाठा. मुंबईला परतल्यावर बघू म्हणून दिवस घालवू नका, ७२ तास तेवढ्यातच जातात. कोणी खोलीवर येणार असेल तर रिसेप्शनला ओळखपत्र दाखवून येऊ दे. चांगली हॉटेलं ते ठेवून घेतात आणि निघताना खोलीत फोन करून खात्री करतात. मागच्या दाराने आणलंत तर तिजोरी रिकामी झाल्यावर हॉटेलही हात झटकेल.

त्या बायकांबद्दल एवढंच सांगते. ईसानच्या, म्हणजे ईशान्य थायलंडच्या, भातशेतीतून आलेल्या, घरी मुलं आणि आई-बाप पोसणाऱ्या कितीतरी जणींशी मी नाश्त्याच्या गाडीवर पहाटे बोललेय, त्या कामावरून सुटताना आणि मी विमानतळावर निघताना. त्या थकलेल्या असतात. नाही म्हणाल्या तर ते नाहीच असतं. आणि बारमध्ये मोबाइल काढून फोटो, व्हिडिओ घेऊ नका. हाणामारीचं सगळ्यात मोठं कारण तेच आहे. ‘आमच्या ग्रुपवर टाकायला’ काढलेला व्हिडिओ कुठे कुठे जातो ते तुम्हाला मुंबईत बसून कळणारही नाही.

बायकांचे ग्रुपही आता आमच्याकडे येतात आणि रात्री बाहेर पडतात. त्यांनाही हेच सगळं लागू आहे, फक्त ग्लासाची काळजी दुप्पट आणि परतीची गाडी आधी ठरलेली. खाओ सान आणि सिलोमच्या रस्त्यांवर बायका रात्री एकट्याने सहज वावरताना दिसतात. तिथे मला कित्येकदा मोकळं वाटलंय.

परतणं. बँकॉकची आकाशरेल्वे मध्यरात्रीच्या सुमारास बंद होते. आपल्या शेवटच्या लोकलच्या भरवशावर असलेल्या माणसाला ते लवकर वाटतं. नंतर टॅक्सी. मीटर ३५ बाटपासून सुरू होतो, पण बारच्या दारात उभे असलेले मीटर टाकत नाहीत आणि तिप्पट-चौपट सांगतात. दोनशे पावलं चालून मोठ्या रस्त्यावर या किंवा ग्रॅब, बोल्ट या ॲपवरून गाडी बोलवा. पट्टायात सोंगथाओ असतात, मागे दोन बाक टाकलेल्या निळ्या गाड्या. आपल्या शेअर रिक्षेसारखंच आहे, चालत्या, माणसं बसलेल्या गाडीला हात करून चढलात, उतरताना बटण दाबलंत, की माणशी दहा-वीस बाट. उभ्या असलेल्या रिकाम्या गाडीपाशी जाऊन ‘हॉटेलला चल’ म्हणालात की ती स्पेशल झाली, मग तो म्हणेल तो भाव. स्कूटर भाड्याने घेऊ नका. दुचाकीचा आंतरराष्ट्रीय परवाना नसेल किंवा प्यायलेले असाल तर बहुतेक विमा कंपन्या एक रुपया देत नाहीत, आणि दुकानदार पासपोर्ट ठेवून घेतो. पासपोर्ट तारण म्हणून कोणालाच द्यायचा नाही, स्कूटरला नाही आणि जेटस्कीला तर मुळीच नाही. समुद्रावरून परत आल्यावर जुनाच ओरखडा दाखवून हजारो बाट मागतात.

पोलीस. रस्त्यात थांबवून ओळखपत्र विचारू शकतात, खिसे तपासू शकतात. आवाज चढवू नका, हसू नका, झेरॉक्स दाखवा, मोबाइलमधला पासपोर्टचा आणि शिक्क्याचा फोटो दाखवा. सिगारेटचं थोटूक रस्त्यावर टाकलं तर दंड होतो, तो पावती मागून भरा. पावती नाही म्हणाला आणि रक्कम मोठी असेल, तर शांतपणे सांगा की टुरिस्ट पोलिसांशी बोलू, आणि ११५५ लावा. तिथे इंग्रजी बोलणारी माणसं असतात, दिवसरात्र. ई-सिगारेट नेऊ नका, तिथे बेकायदा आहे, आपल्याकडेही २०१९ पासून बंदी आहे. गांजाच्या दुकानांच्या पाट्या दिसतील. जून २०२२ मध्ये त्यांनी गांजा अमली पदार्थांच्या यादीतून काढला, पण जून २०२५ पासून डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली. पाटी दिसते म्हणून आत शिरू नका.

आतापर्यंतचं सगळं चौघांनी एकत्र राहण्यावर उभं आहे. आमच्या बैठकीत मी पाळ्या लावून देते. दर रात्री एकाने प्यायची नाही. पाकिटं त्याच्याकडे, हॉटेलचं कार्ड त्याच्याकडे, आणि ‘चला’ तो म्हणाला की उठायचं, वाद नाही. चौघांचं लोकेशन एकमेकांना आणि मुंबईतल्या त्या एका माणसाला चालू ठेवायचं. शेवटच्या रात्रीची पाळी नवरदेवाला द्या, कारण पट्टायाहून बँकॉकचा सुवर्णभूमी विमानतळ गाडीने दोन तासांवर आहे, आणि ज्याचं लग्न आहे त्याचं विमान चुकलेलं मला चालणार नाही.

त्या शेवटच्या सकाळी बॅगा आपापल्या हातांनी भरा आणि कुलूप लावा. पाच दिवसांत ओळख झालेला कोणी भारतीय, मराठी बोलणारासुद्धा, ‘मुंबईत माझा भाऊ घ्यायला येईल, एवढी चॉकलेटं न्या’ म्हणाला तर नाही म्हणा. मुंबई विमानतळावर कस्टम्सने बँकॉकहून आलेल्या प्रवाशांकडून हायड्रोपोनिक (मातीशिवाय पाण्यात वाढवलेला) गांजा पकडल्याच्या बातम्या तुम्ही वाचल्याच असतील. त्यातली पाकिटं खाऊच्या डब्यांतून निघतात, आणि एनडीपीएस या आपल्या अमली पदार्थविरोधी कायद्यापुढे ‘मला माहीत नव्हतं’ हे सिद्ध करायची जबाबदारी बॅग ज्याच्या हातात होती त्याच्यावर येते. त्या भावाचं नाव, नंबर, काहीच खरं नसतं.

तिकिटं कोणत्या तारखेची आहेत ते कळवा. त्या आठवड्यात बौद्ध सण आहे का ते मी बघून सांगते.